रिकाम्या सिलिंडरची कैफियत

ज्या वस्तूचे विहित कार्य संपले तिला टाकून न देता दुसऱ्या कार्याला जुंपावे, हा आपल्या गृहव्यवस्थेचा जुना परिपाठ असून त्याच्याच बळावर लुगड्याची गोधडी आणि तेलाच्या डब्याची कुंडी झालेली आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेली आहे. परंतु ज्या पात्राच्या पोटात दाब कोंडायचा असतो त्यालाही हा परिपाठ निर्वेधपणे लागू करावा काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार उपस्थित होतो. कारण घरच्या घरी यंत्रे जुळवणाऱ्या हौशी मंडळींना रंगाच्या फवाऱ्यासाठी, बारीक खिळे मारण्याच्या पिस्तुलासाठी किंवा नुसती धूळ उडवण्यासाठी दाबलेली हवा हवी असते, आणि ती साठवण्यास स्वयंपाकाच्या गॅसचा छोटा सिलिंडर, आकाराने सुबक, बांध्याने भक्कम आणि भंगारात स्वस्त, असा जणू हात जोडून पुढे उभा असतो.

पुण्यातील ज्या मामाभाच्यांचा संवाद मी येथे देत आहे त्यांपैकी मामा बाष्पके संचालनालयातून निवृत्त झालेले असून आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी साखर कारखान्यांच्या बाष्पकांत शिरून काजळी अंगावर घेण्यात घालवली आहेत. भाचा यंत्रशास्त्राचा पदविकाधारक आहे. घरी शाडूच्या मूर्ती घडवतो आणि त्या एअरब्रशने रंगवतो. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याने त्यासाठी जोडला, परंतु त्याची हवा ठोक्याठोक्याने येत असल्यामुळे पितांबराच्या छटेत लाटा उमटू लागल्या, तेव्हा मध्ये एक टाकी बसवून हा ठोका शमवावा असे त्याच्या मनाने घेतले. त्यात गैर काहीच नव्हते. वाद झाला तो टाकीच्या निवडीवरून.

भाचा : मामा, हा सिलिंडर ५ किलो गॅसचा. पाण्याने भरला तर सुमारे १२ लिटर पाणी मावेल. भारतीय मानकाप्रमाणे असला प्रत्येक सिलिंडर दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोंचा पाण्याचा दाब देऊन पारखलेला असतो. मी हवा भरणार ८ किलोंपर्यंत, आणि मूर्तीवर फवारताना तीही रेग्युलेटरने दीड-दोन किलोंवर उतरवणार. वैशाखाच्या उन्हात ट्रकवर उभा असलेला भरला सिलिंडर जवळपास तेवढाच दाब निमूटपणे सोसत असतो. मग माझ्या हवेने त्याला काय व्हायचे आहे?

मामा : तुझ्या आकड्यांत चूक नाही. पण पारख झाली ती केव्हा? वरच्या कड्याला आधार देणाऱ्या ज्या तीन पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीच्या आतल्या अंगाला एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि याच क्रमाने डीपर्यंत, आकडे वर्षाचे. नवा सिलिंडर १० वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी पुन्हा पारखायचा असतो, आणि त्याची मुदत कधी संपते ते तिथे लिहिलेले असते. तुझ्या सिलिंडरवर काय आहे?

भाचा : डी-१४.

मामा : म्हणजे २०१४ सरताना त्याची सनद सरली. त्यानंतर तो कुठे पडला होता, किती पावसाळे त्याने उघड्यावर काढले, कोणी त्याला जमिनीवर आपटले, याची नोंद ना तुझ्याजवळ, ना त्या भंगारवाल्याजवळ. शिवाय दुसरी गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. चाचणीत नापास ठरलेला सिलिंडर चेपून सपाट करावा, किंवा तुकडे पुन्हा जोडता येऊ नयेत अशा रीतीने कापावा, असा नियमच आहे. तेव्हा भंगारात अख्खा सिलिंडर सापडतो याचा अर्थ एवढाच, की तो एक तर कोणाच्या तरी मालकीचा असून वाट चुकला आहे, किंवा ज्याचा अंत व्हायला हवा होता तो अंतातून निसटला आहे. यांपैकी कोणता तुझा, ते तू मला सांगू शकत नाहीस.

येथे भाच्याने, तरुणांनी अशा वेळी सामान्यतः करू नये परंतु ते हटकून करतात, तशी कायद्याची थोडी थट्टा केली. तेव्हा मामांनी १८८४ चा विस्फोटक अधिनियम, त्याखालील २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आणि त्यांचा अंमल ज्यांच्याकडे आहे त्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे नागपूरचे मुख्य कार्यालय, असा सर्व दप्तरी क्रम त्याला ऐकवला, आणि एका वायूसाठी मंजूर झालेले पात्र मुख्य नियंत्रकाच्या मंजुरीवाचून दुसऱ्या वायूसाठी वळवता येत नाही, हेही बजावले. त्यावर भाच्याने जे उत्तर दिले ते मला बिनतोड वाटले.

भाचा : मग मी काय करावे? एका १२ लिटरच्या टाकीसाठी आणि एका गणपतीसाठी नागपूरला अर्ज धाडावा? तो घेणारी खिडकी तरी कुठे आहे? तुमचे सारे नियम भरणाऱ्यांसाठी, विकणाऱ्यांसाठी आणि कारखानदारांसाठी. कारखाने अधिनियमात दाबाच्या संयंत्रांसाठी ३१ वे कलम होते, ते आम्हाला पदविकेला पाठ करायला लावले होते. पण माझी गच्ची म्हणजे कारखाना नव्हे. आणि जिथे हवेचा रोजचा धंदा चालतो तिथली अवस्था पाहा. हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची हवेची टाकी कधी पाहिलीत? रंग उडालेला, बूड गंजलेले, दाबमापकाची काच फुटून काटा वाकलेला, आणि तिच्याच शेजारी तो बिचारा वर्षानुवर्षे जेवायला बसतो. त्याला कोणी हटकत नाही. मी मात्र पदविकाधारक, आकडेमोड करणारा, तर माझ्यामागे १८८४ चा कायदा!

मामा यावर काही वेळ बोलले नाहीत. पंक्चरवाल्याच्या टाकीला उत्तर नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. आणि एकाच्या गाफिलीने दुसऱ्याचे धाडस योग्य ठरत नाही, हे तर्कशास्त्रातले उत्तर त्यांनी दिले नाही, ही त्यांची सचोटी.

मामा : पंक्चरवाल्याचे म्हणतोस ते खरे आहे आणि लाजिरवाणे आहे. पण त्याची टाकी निदान हवेसाठी जन्मलेली असते. तिच्या बुडाला पाणी काढायची तोटी असते, माथ्यावर सेफ्टी वॉल्व्ह असतो. तुझ्या सिलिंडरला यांतले काय आहे? हवा दाबली की तिच्यातले बाष्प पाणी होऊन खाली बसते. पावसाळ्यातल्या पुण्याच्या हवेने तुझी टाकी एकदा रिकामीपासून ८ किलोंपर्यंत भरलीस तर दीड-दोन ग्रॅम पाणी आत उतरते; दिवसभर काम केलेस तर पळीभर होईल. गॅसच्या सिलिंडरचे तोंड वर, बूड बंद, आणि आतून त्याला रंगाचा थेंब नाही, कारण ज्या गॅससाठी तो केला तो कोरडा असतो आणि लोखंडाला गंजवत नाही. हे पाणी त्या बुडाशी साचणार, आणि ते बूड आतून कसे दिसते आहे ते कोणत्याही डोळ्याला कधी दिसणार नाही.

भाचा : बुडाला भोक पाडून तोटी वेल्ड करून घेईन. वेल्डर ओळखीचा आहे.

मामा : तो ओळखीचा असेल तर त्याला सांगू नकोस. हे पात्र जोडकाम झाल्यावर भट्टीत घालून, वेल्डिंगने पत्र्यात आलेला ताण उतरवून मग पारखलेले असते. तू त्याला पुन्हा डाग दिलास की त्या डागाभोवतीचा पत्रा पूर्वीचा राहत नाही, आणि तुझे ते २५ किलो त्याच क्षणी रद्द होतात. आणि हे झाले वेल्डर वाचला तर! रिकामा म्हणून जो म्हणतोस तो रिकामा असतो कुठे? गॅस संपला तरी बाहेरच्या हवेच्या दाबाइतके गॅसचे बाष्प त्याच्यात पुरते १२ लिटर भरून राहिलेले असते.

भाचा : पाण्याने धुऊन काढीन.

मामा : धुतलेस तर उत्तम, नाही धुतलेस तर काय होते ते आधी ऐक. बाष्पाचा एक वाटा आत आहे. त्यावर ८ किलोंपर्यंत हवा दाबलीस म्हणजे हवेचे आठ वाटे पडले. मिश्रणात गॅस राहिला शेकडा ११. हवा सोडून दिलीस आणि टाकी पुन्हा भरलीस, की तोच गॅस शेकडा ११ वरून घसरत सव्वावर येतो. आता हा गॅस हवेत पेट घेतो तो शेकडा सुमारे २ पासून साडेनऊपर्यंत. म्हणजे दुसऱ्या भरणीच्या वेळी तुझी टाकी ही सबंध मर्यादा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जाते, आणि तेही दाबाखाली, म्हणजे पेटलेच तर उघड्यावर पेटते त्याच्या कितीतरी पटीने. टाकीच्या आत ठिणगी पडणे दुर्मिळ, हे मी कबूल करतो. पण जी हवा तू मूर्तीवर फवारतोस तीत हाच गॅस असतो, आणि तुझा प्रेशर स्विच दर थोड्या वेळाने हातभर अंतरावर ठिणगी पाडत असतो. आता धुण्याचे. पाण्याने गॅस निघून जातो. परंतु तळाला बसलेला तेलकट गाळ आणि गॅसला मुद्दाम घातलेल्या वासाच्या द्रव्याचा अंश सुखासुखी निघत नाही, आणि धुतल्यानंतरचे ओले पोट तू वाळवणार कसे? तोंडाची झडप तर अशी आवळलेली असते, की ती सोडवण्यासाठी लोक पुढे ज्योत धरतात.

भाच्याचा चेहरा किंचित उतरला, परंतु त्याने बाजू सोडली नाही. आणि येथून संवाद जेथे गेला ते मला या सर्व प्रकरणातील मर्म वाटते.

भाचा : बरे, तोटी लावत नाही, वेल्डिंग करत नाही, कोरा सिलिंडर आणला असे धरा. मी स्वतःच चाचणी घेतो. कॉम्प्रेसरने १२ किलोंपर्यंत हवा भरतो, गच्चीवर ठेवतो, रात्रभर टिकला तर पास. मग तर झाले?

मामा : ही चाचणी नव्हे, हा जुगार आहे. पारख पाण्याने करतात, हवेने नाही. आणि पाणी स्वस्त आहे म्हणून तसे करत नाहीत. पाणी दबत नाही, म्हणून त्याच्यात शक्ती साठत नाही. या १२ लिटरांत पाणी भरून ८ किलोंचा दाब दिलास तर त्या पाण्यात साठलेली शक्ती दोन ज्यूलसुद्धा नसते. पत्रा फाटला तर पाणी गळते आणि दाब शून्यावर येतो. तेवढ्याच पात्रात तेवढ्याच दाबाची हवा असली तर शक्ती साधारण साडेबारा हजार ज्यूल. ५० किलोंचे तांदळाचे पोते आठव्या मजल्यावरून खाली पडले तर जेवढ्या जोराने आदळेल, तेवढी ही शक्ती तू एअरब्रश हातात घेऊन आपल्या गुडघ्याशी ठेवणार. दाबमापकावर दोन्हींचा काटा एकाच आकड्यावर असतो, म्हणून माणसाला वाटते दोन्ही सारखेच.

भाचा : हे मी शिकलो होतो. असे कधी मोजून पाहिले नव्हते.

मामा : तुझ्यात दोष नाही. आमच्या खात्यातही हे आकड्यांनी कमी आणि प्रेतांनी अधिक शिकवले गेले. १८६३ साली कलकत्त्यात बाष्पकाचा स्फोट होऊन माणसे मेली, तेव्हा पुढल्या वर्षी बंगालच्या कायदेमंडळाने तपासणीचा कायदा केला. मग निरनिराळ्या प्रांतांनी आपापले केले, आणि सबंध देशाला एक कायदा मिळायला १९२३ साल उजाडले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी १९०५ च्या मार्चमध्ये बुटांच्या कारखान्याचा बाष्पक उडून ५८ जण गेले, तेव्हा कुठे दोन वर्षांनी त्या राज्याने बाष्पक घडवण्याचे नियम केले. ज्या कलमांना तुम्ही तरुण मंडळी जाच म्हणता, त्यांच्या प्रत्येकाच्या मागे असे काही घडलेले असते.

भाचा : पण मामा, सगळेच तपासणीची वाट पाहत बसले असते तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढून पुढे लोखंडी नांगर घडवला असता काय? आपल्याकडे यंत्राला हात घालणारे मुळात थोडे. त्यांनाही असे घाबरवले तर उरेल कोण?

मामा : नांगर मोडला तर शेतकरी तो आणून कारखानदाराच्या पुढ्यात टाकू शकतो, आणि कारखानदार दुसरा सुधारून देतो. फुटलेल्या टाकीचे गाऱ्हाणे घेऊन कोणी येत नाही. हौशी माणसाला मी घाबरवीत नाही. सतराव्या शतकात वाफेचे बंद भांडे बनवणारा देनी पापँ हाही एका अर्थाने तुझ्यासारखाच; पण भांड्याबरोबर सुरक्षा-झडपही त्यानेच काढली. तू टाकी शोधत होतास तेव्हा सेफ्टी वॉल्व्ह विकत घेतला होतास काय?

भाच्याने तो घेतलेला नव्हता. नॉन-रिटर्न वॉल्व्ह, प्रेशर स्विच, पाणी गाळणारे भांडे, रंगाची दोन नोझले हे सारे तो घेऊन आला होता. मला वाटते, हौशी माणसाचा खरा दोष धाडस हा नसून खरेदीचा हा क्रम हा आहे. ज्याने काम होते ते तो प्रथम घेतो, आणि ज्याने अपघात टळतो ते, काम एकदा होऊ लागल्यावर पाहू, म्हणून पुढल्या महिन्यावर ढकलतो.

त्यानंतर भाच्याने फ्रिज-दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारा, शीतक वायूचा एकदाच वापरायचा पातळ पत्र्याचा डबा सुचवून पाहिला. मामांनी तो विषय दोन वाक्यांत मिटवला : अमेरिकेत असल्या डब्यांच्या टाक्या करण्याची हौशी लोकांत मोठी वहिवाट असली तरी तिथे ते पुन्हा भरून वाहतुकीस काढणे हा गुन्हा आहे, आणि जे पात्र पुन्हा भरायचे नाही म्हणूनच पातळ केले, ते दिवसातून वीस वेळा भरणे याला काटकसर म्हणत नाहीत.

भाचा : मग घेऊ काय, तेवढे सांगा. नव्या टाकीसाठी आज माझ्याकडे पैसे नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मामा : ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी घे. मोडीत काढलेल्या ट्रकांच्या मालात मिळते. ती हवेसाठीच केलेली असते, साधारण ८ किलोंच्या आसपास दाबावर आयुष्यभर राबलेली असते, दिवसातून शेकडो वेळा दाब चढणे-उतरणे तिला नवे नसते, आणि तिच्या बुडाला पाणी सोडण्याची तोटी असते. गंज खाल्लेली, चेपलेली किंवा कोणी वेल्ड केलेली असली तर नाक मुरडून परत दे. चांगली मिळाली तरी थेट वापरू नकोस. पाण्याने काठोकाठ भर, आतली सारी हवा जाऊ दे, आणि दीडपट दाब देऊन पाहा, म्हणजे तुझ्या हिशेबाने १२ किलो. मग सेफ्टी वॉल्व्ह लाव, आणि तो वॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणतीही चावी नको. रोज काम संपले की तोटी उघड. आणि एक विचारू? तुझ्या ब्रशला दोन किलो पुरतात. मग टाकीत आठ कशाला? तीनवर स्विच लाव. शक्ती एक तृतीयांशाहून कमी होईल, आणि गणपतीला काही कळणार नाही.

भाचा : कॉम्प्रेसर वारंवार सुरू होईल.

मामा : होऊ दे. फ्रिजमध्ये तो दुसरे काय करत होता?

भाचा हसला, परंतु मग त्याने विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पाण्याच्या दाबाची ही चाचणी घ्यायची कोणाकडे? मामांनी दोन-तीन ठिकाणे आठवून पाहिली. सिलिंडरची चाचणी करणारी मान्यताप्राप्त केंद्रे मंजूर सिलिंडर घेतात; कारखान्यांच्या तपासनिसांना कारखान्याचा दाखला लागतो; खाजगी कार्यशाळेत पंप असतो परंतु एका टाकीसाठी तो काढण्याची कोणाला फुरसत नसते. निवृत्त निरीक्षकाला जे सुचले नाही, ते सामान्य हौशी मनुष्याला कसे सुचावे?

माझे मत या वादात मामांच्या बाजूचे आहे आणि ते कोणत्याही सवलतीवाचून आहे : गॅसचा सिलिंडर, छोटा असो की मोठा, हवेसाठी वापरू नये. पोलाद कमी पडते म्हणून मी हे म्हणत नाही. भाच्याचे २५ आणि ८ हे आकडे खरेच आहेत. परंतु त्या पोलादावर आपला जो विश्वास आहे तो निम्मा पत्र्याच्या जाडीतून आणि निम्मा दप्तरातून येतो. कोणी भरला, कोणी तोलला, कोणत्या तिमाहीत पारखला, कोण जबाबदार, ही नोंदींची साखळी त्या कड्याखालच्या पट्टीला अडकलेली असते, आणि हौशी माणूस सिलिंडर घरी आणतो तेव्हा पत्रा तेवढा आणतो, साखळी मागे राहते. उद्या त्याने तो निळा रंगवला, परवा घर बदलताना पुन्हा भंगारात दिला, आणि तेरवा कोणी त्यात पुन्हा गॅस भरला, तर त्या तिसऱ्या माणसाला आतल्या गंजाची वार्ता कोणत्या वाटेने पोहोचणार?

तरीही भाच्याची फिर्याद शिल्लक राहते, आणि ती शासनाने नव्हे तरी आपल्या तंत्रशिक्षणाने ऐकली पाहिजे. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व तंत्रनिकेतनांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी महिन्यातून एक शनिवार आपली कार्यशाळा गावातील हौशी मंडळींना खुली ठेवावी, त्यांनी आणलेल्या हवेच्या टाक्या विद्यार्थ्यांकडून पाण्याच्या दाबाने पारखवून घ्याव्यात, उतरतील त्यांवर तारखेचा शिक्का मारावा, आणि नापास होतील त्या तिथल्या तिथे कापून टाकाव्यात; पंक्चरवाल्यांनाही आग्रहाने बोलवावे. यासाठी नवे यंत्र, नवे अनुदान किंवा नवा अध्यादेश यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही : चाचणीचा पंप हाताने चालतो, आणि त्याला विजेची जोडणीदेखील लागत नाही.